रंग न धरणाऱ्या फळीला रंग

वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, कुठल्याही गावातले गेल्या पंचवीस-तीस वर्षांत मांडलेले संसार पाहा. घरात सागाचे लाकूड कमी आणि सनमायका जास्त दिसेल. आंदणात आलेले ड्रेसिंग टेबल, मुलांच्या अभ्यासाचे टेबल, टीव्हीचे युनिट, दोन दारांची आलमारी, ओट्याखालची कपाटे. वरून लाकडाच्या रेघा दिसतात, हात फिरवला की कळते, हे लाकूड नव्हे. पंधरा वर्षांनी हे सामान मोडलेले नसते, विटलेले असते. कडेची पट्टी सुटते, कूलरच्या बाजूची फळी फुगते, खिडकीसमोरच्या दाराचा रंग उडतो. मग घरात बोलणे निघते, काढून टाकायचे की रंग मारायचा?

रंग मारला तर तो पहिले दोन-तीन महिने छान दिसतो. नंतर हँडलपाशी नखाने पापुद्रा निघतो, दाराच्या कडेला सोललेल्या कातडीसारखी पट्टी लोंबू लागते आणि दोष रंगाच्या डब्यावर जातो. बहुतेक वेळा तो डब्याचा नसतो. लॅमिनेटवरचा, म्हणजे सनमायकावरचा, रंग टिकतो तो रंगाआधीच्या घासणीवर आणि रंगानंतरच्या सबुरीवर. या प्रकरणातले सगळे तपशील याच एका गोष्टीचे आहेत.

कागदाची फळी

लॅमिनेट म्हणजे मुळात कागद आहे. जाड तपकिरी क्राफ्ट कागदाचे काही थर फिनॉलच्या रेझिनमध्ये भिजवतात. त्यांच्यावर नक्षी छापलेला एक कागद मेलामाइनच्या रेझिनमध्ये भिजवून ठेवतात. हा गठ्ठा सुमारे १३० ते १५० अंश सेल्सिअस तापमानात प्रचंड दाबाखाली दाबला की रेझिन वितळून थराथरांत शिरते आणि कायमचे घट्ट होते. नंतर कितीही तापवले तरी ते पुन्हा वितळत नाही. बाजारात मिळणारी आठ बाय चार फुटांची, साधारण एक मिलिमीटर जाडीची शीट अशी तयार होते. भारतात तिच्यासाठी आयएस २०४६ हे मानक आहे.

या वस्तूचा जन्म फर्निचरसाठी झालाच नव्हता. अमेरिकेत वेस्टिंगहाउस कंपनीत काम करणाऱ्या डॅनियल ओ'कॉनर आणि हर्बर्ट फेबर यांना विजेच्या यंत्रांत अभ्रकाच्या जागी वापरता येईल असे विद्युतरोधक हवे होते. त्यातून १९१३ मध्ये फॉर्मिका कंपनी उभी राहिली. घरात शोभावी अशी, डाग न धरणारी, चकचकीत शीट शक्य झाली ती मेलामाइनच्या रेझिनमुळे. अमेरिकन सायनामिड कंपनीने ते १९३८ मध्ये विकसित केले.

त्याच १९३८ साली, ३० डिसेंबरला, वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालयाचे उद्घाटन झाले. अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम तिथून चाले आणि डॉ. जे. सी. कुमारप्पा ते पाहत. हातकागद हा त्या कामातला एक महत्त्वाचा उद्योग होता. मगनवाडीत चिंध्या आणि टाकाऊ तंतूंपासून हाताने कागद घडत होता, त्याच काळात जगाच्या दुसऱ्या टोकाला कागद रेझिनमध्ये भिजवून त्याची फळी केली जात होती. पहिला कागद पाण्यात टाकला की पुन्हा लगदा होतो आणि मातीत मिसळतो. दुसरा पाण्याला दाद देत नाही, डागाला देत नाही आणि रंगालाही देत नाही.

रंग का सुटतो

रंग पृष्ठभागाला दोन प्रकारे धरून राहतो. पहिला प्रकार पकडीचा. लाकडाला छिद्रे असतात, रंगाचा पहिला हात त्यांत शिरतो आणि वाळल्यावर तिथेच अडकून बसतो. दुसरा प्रकार रेणूंच्या आकर्षणाचा. त्यासाठी ओला रंग पृष्ठभागावर सलग पसरावा लागतो. थेंब होऊन आक्रसला तर पकड बसत नाही.

लॅमिनेटपाशी दोन्ही वाटा अडतात. मेलामाइनचा थर इतका घट्ट विणलेला असतो की रंगाला आत शिरायला छिद्रच नसते. त्यावर वर्षानुवर्षांचा तेलकटपणा, हाताचा मळ, फर्निचर पॉलिशचा सिलिकॉन बसलेला असतो, त्यामुळे रंग नीट पसरतही नाही. अशा फळीवर थेट इनॅमल मारले तर ते वाळते, चमकते आणि एका सलग पातळ पापुद्र्यासारखे नुसते वर पडून राहते. एखादी कड उचकटली की बाकीचे मागोमाग निघते.

म्हणून रंगवणाऱ्याला तीन कामे करावी लागतात. तेलकटपणा पूर्ण काढायचा, गुळगुळीतपणा मोडून बारीक चरे पाडायचे, आणि लॅमिनेट व रंग दोघांनाही धरून ठेवेल असा प्रायमर मध्ये घालायचा. यातले एक जरी गाळले तरी बाकीचे दोन वाया जातात.

आधी फळी ओळखा

'सनमायका' या एका नावाखाली आपण तीन निराळ्या वस्तू घरात आणलेल्या असतात. कुठली आपल्याकडे आहे ते कळल्याशिवाय घासायला बसू नये.

पहिली, प्लायवर चिकटवलेली एक मिलिमीटरची खरी शीट. मिस्त्रीने घरी बसून केलेल्या कामात बहुधा हीच असते. दुसरी, प्रीलॅम बोर्ड. भुशाच्या आणि चिपांच्या पार्टिकल बोर्डवर कारखान्यातच नक्षीचा कागद दाबून बसवलेला असतो, खाली क्राफ्ट कागदाचे थर नसतात. दुकानातून तयार आणलेली टेबले आणि आलमाऱ्या बहुतेक याच्या असतात. तिसरी, एमडीएफवर ताणून बसवलेला पीव्हीसीचा पापुद्रा. नक्षीदार उठावाची स्वयंपाकघरातली दारे अनेकदा अशी असतात.

ओळखायचे कसे? दाराची बिजागरी काढा आणि तिच्या गोल खड्ड्यात पाहा. लाकडाचे एकावर एक उभे-आडवे थर दिसले तर प्लाय. चिपा आणि भुसा दिसला तर पार्टिकल बोर्ड. पुठ्ठ्यासारखा एकसंध तपकिरी लगदा दिसला तर एमडीएफ. तीच कड बाजूने न्याहाळली की वरच्या थराची जाडी कळते. खऱ्या शीटची तपकिरी रेघ डोळ्यांना स्पष्ट दिसते, प्रीलॅमचा थर मात्र कागदाइतकाच असतो.

हा भेद कामाचा आहे. खऱ्या शीटवर घासताना हात थोडा जड पडला तरी खाली क्राफ्टचे थर असतात. प्रीलॅमवर तोच हात थेट भुशापर्यंत पोहोचतो आणि मग तो भाग ओलावा पिऊन फुगतो. पीव्हीसीच्या दारावर थिनरचा बोळा फिरवला तर पापुद्रा मऊ पडून सुरकुततो, तिथे साबणाचे पाणीच वापरावे.

याच वेळी फळीची तब्येतही पाहून घ्या. फरशी पुसताना रोज पाणी लागून आलमारीचा खालचा भाग फुगलेला असेल, तर सुटलेला भुसा कटरने कापून काढा. जागा पूर्ण वाळू द्या, फेविकॉलने सैल थर दाबून बसवा आणि खड्डा लांबीने म्हणजे पुट्टीने किंवा एम-सीलने भरा. सुटलेली कडेची पट्टी पुन्हा चिकटवा. फळी ठोकून पाहा. पोकळ आवाज आला, मातीच्या बारीक नळ्या दिसल्या, तर उधई लागली आहे. उधई लागलेल्या फळीला आधी औषध हवे, रंग त्यानंतर.

धुणे आणि घासणे

दारे उतरवा, हँडल आणि बिजागऱ्या काढा, स्क्रू एका डबीत ठेवा. उभ्या दारावर रंग ओघळतो, आडव्यावर सपाट बसतो. म्हणून दारे दोन स्टुलांवर आडवी ठेवूनच रंगवावीत.

कोमट पाण्यात धुण्याचा सोडा किंवा भांड्याचा साबण घालून फळी पुसा, मग दोनदा साध्या पाण्याने. सोड्याचा अंश राहिला तर तोही रंगाची पकड बिघडवतो. स्वयंपाकघरातल्या कपाटांवर फोडणीच्या तेलाचा चिकट थर असतो, तो एका धुण्यात जात नाही. वाळल्यावर थिनर किंवा स्पिरिटने एकदा पुसून घ्या आणि चिंधी पालटत राहा. एकच चिंधी फिरवली तर तेल निघत नाही, नुसते पसरते.

धुणे नेहमी घासण्याच्या आधी. तेलकट फळीवर पॉलिश पेपर फिरवला तर नव्याने पडलेल्या चऱ्यांत तेल दाबून बसते आणि मग ते कशानेच निघत नाही.

घासायला १८० किंवा २२० नंबरचा पॉलिश पेपर घ्या. तो लाकडाच्या सपाट ठोकळ्याला गुंडाळा, म्हणजे बोटांचे खड्डे पडणार नाहीत. लॅमिनेट घासून काढायचे नाही, त्याची चमक तेवढी मारायची. फळी उजेडाकडे तिरपी धरली की चमकणारे ठिपके दिसतात. शेवटचा ठिपका जाईपर्यंत घासायचे आणि तपकिरी थर डोकावू लागला की थांबायचे. कोपरे, हँडलभोवतीची जागा आणि कडा नेहमी राहून जातात, पुढे रंग सुटायला सुरुवातही तिथूनच होते. धूळ नाकात जाऊ नये म्हणून एन-९५ मास्क लावा आणि हे काम अंगणात करा.

आता एक परीक्षा घ्या. धूळ ओल्या कापडाने पुसल्यावर फळीवर स्वच्छ पाणी शिंपडा. पाणी सलग पातळ थरात पसरून राहिले तर फळी तयार आहे. ते फाटून थेंब-थेंब झाले तर तिथे तेल शिल्लक आहे, पुन्हा धुवा. या परीक्षेला एक मिनिट लागते. ती चुकवली तर सगळी मेहनत पणाला लागते.

आपल्या भागात आणखी एक दक्षता हवी. वर्धा जिल्हा कापसाचा. ज्या घरात कापूस साठवलेला असतो किंवा जवळच जिनिंग असते, तिथे हवेत बारीक तंतू तरंगत असतात आणि ओल्या रंगावर येऊन बसतात. अशा वेळी पुसायला नवे सुती फडके नको, अनेकदा धुतलेले, तंतू न सोडणारे जुने कापड घ्यावे. रंगकामाची खोली आदल्या दिवशी झाडून ठेवावी, त्या दिवशी झाडू नये.

प्रायमर

सगळ्यात जास्त कामे इथे फसतात. हार्डवेअरच्या दुकानात नुसता 'प्रायमर' मागितला की बहुधा पांढरा वुड प्रायमर हाती पडतो. तो लाकडासाठी उत्तम आहे, कारण लाकूड त्याला पिऊन घेते. लॅमिनेट काहीच पीत नाही. इथे हवा गुळगुळीत पृष्ठभाग धरणारा प्रायमर, म्हणजे दोन भागांचा इपॉक्सी किंवा पीयू (पॉलियुरेथेन) प्रायमर, किंवा ज्याच्या डब्यावर लॅमिनेट, काच, टाइल्स यांसाठी चालतो असे स्पष्ट लिहिले आहे असा बाँडिंग प्रायमर.

दोन भागांच्या प्रायमरमध्ये एका डब्यात बेस आणि दुसऱ्यात हार्डनर असतो. दोन्ही एकत्र केले की रासायनिक क्रिया सुरू होते आणि काही तासांत मिश्रण डब्यातच घट्ट होते. म्हणून लागेल तेवढेच कालवा. प्रमाण डब्यावर दिलेले तंतोतंत पाळा. लवकर वाळावे म्हणून हार्डनर जास्त घातला तर थर ठिसूळ होतो किंवा चिकट राहतो.

पातळ एक हात पुरे. तो पूर्ण वाळल्यावर ३२० नंबरने अगदी हलका हात फिरवा आणि धूळ पुसा.

आणि इथे थांबून पकड तपासा. रंग-उद्योगात यासाठी आयएसओ २४०९ ही आंतरराष्ट्रीय चाचणी आहे. तिची साधी घरगुती आवृत्ती कुणालाही जमते. दाराच्या मागच्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी प्रायमर लावून दोन-तीन दिवस वाळू द्या. नव्या ब्लेडने दोन-दोन मिलिमीटर अंतरावर सहा उभ्या आणि सहा आडव्या रेघा मारा. २५ छोटे चौकोन तयार होतील. त्यावर चिकटपट्टी बोटाने घट्ट दाबून बसवा आणि एका झटक्यात ओढा. सगळे चौकोन जागेवर राहिले तर निर्धास्तपणे पुढे जा. कडेचे कण निघाले तर घासणी कमी पडली आहे. अख्खे चौकोनच पट्टीवर आले तर प्रायमर बदला. एका आलमारीवर आठवडाभर खपण्याआधी एवढी खात्री करून घेणे शहाणपणाचे आहे.

रंगाची निवड

सिंथेटिक इनॅमल सगळीकडे मिळते, स्वस्त आहे आणि ब्रशने सहज बसते. त्याच्या वाळण्याचे तत्त्व विदर्भातल्या शेतकऱ्याच्या ओळखीचे आहे. जवसाचे तेल उघड्यावर ठेवले की हवेतला ऑक्सिजन घेऊन ते चिकट आणि मग घट्ट होते. इनॅमलमधले तेलयुक्त रेझिन याच रीतीने वाळते, म्हणून दोन हातांत किमान एक दिवस जाऊ द्यावा लागतो. पांढरे इनॅमल बंद, काळोख्या जागी कालांतराने पिवळट पडते. आलमारीच्या आतल्या बाजूला ते लवकर दिसते.

पाण्यात मिसळणाऱ्या इनॅमलला वास कमी येतो, पिवळेपणा येत नाही आणि ब्रश पाण्याने धुता येतो. लहान मुले, म्हातारी माणसे असलेल्या आणि एकाच खोलीत राहणे-झोपणे असलेल्या घराला हा पर्याय बरा. मात्र पूर्ण पक्का व्हायला त्याला तीन-चार आठवडे लागू शकतात.

दोन भागांचा पीयू सर्वांत कणखर. अभ्यासाच्या टेबलाला, सतत हात लागणाऱ्या दारांना तो शोभतो. पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते आणि त्याची वाफ व फवारा श्वसनमार्गाला घातक असतो. पीयूची फवारणी घरी करूच नये. ते काम योग्य श्वसन-मास्क आणि जागा असलेल्या कारागिराचे आहे.

कुठलाही रंग घेताना त्यात शिसे नाही असे डब्यावर लिहिलेले आहे का ते वाचा. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाखांत ९० भागांपेक्षा जास्त असू नये असा भारतात नियम आहे. तो २०१६ मध्ये निघाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचे अर्धे भरलेले डबे कोनाड्यात असतील तर ते मुलांच्या टेबलावर वापरू नका.

किती रंग लागेल? साडेसहा फूट उंच, चार फूट रुंद आणि पावणेदोन फूट खोल आलमारी धरा. पुढची बाजू २६ चौरस फूट, दोन्ही बाजू मिळून पावणेतेवीस, एकूण सुमारे ४९. एक लिटर इनॅमल एका हाताला साधारण १०० चौरस फूट पुरते. म्हणजे दोन हातांना एक लिटर. एवढ्या रंगात आलमारी नवी दिसते, तिच्यावर नवी शीट चढवायची तर दीड शीट आणि मिस्त्रीची मजुरी लागली असती.

सपाट भागाला चार इंची बारीक फोमचा रोलर, कडांना ब्रश. थर पातळ ठेवा. जाड एका हातापेक्षा पातळ दोन हात केव्हाही टिकाऊ. जाड थर वरून वाळतो, आत मऊ राहतो आणि पुढे सुरकुततो. दोन हातांमध्ये ४०० नंबरच्या वॉटर पेपरने हलके घासा.

वर्ध्याचे पंचांग

रंगाच्या डब्यावर वाळण्याचा जो वेळ छापलेला असतो तो प्रयोगशाळेतल्या मध्यम हवेचा. वर्ध्याची हवा वर्षातून थोडेच महिने तशी असते.

एप्रिल-मे मध्ये इथला पारा ४५ अंशांना भिडतो आणि दुपारची हवा कोरडीठाक असते. रंगातला द्रव ब्रशखालीच उडून जातो. रंगाला सपाट व्हायला वेळ मिळत नाही, ब्रशच्या रेघा तशाच गोठतात, रोलरचे जोड दिसतात. गरम वाऱ्यासोबत धूळ येते ती वेगळीच. कूलर लावला तर खोलीत दमटपणा वाढतो आणि त्याच्या झोताने धूळ ओल्या रंगावर बसते. उन्हाळ्यात करावेच लागले तर पहाटे सुरू करून नऊच्या आत आटोपा, कूलर बंद ठेवा आणि डबा सावलीत ठेवा.

जुलै ते सप्टेंबर दमट हवेचे. एनसी म्हणजे ड्युको प्रकारच्या रंगातला थिनर झपाट्याने उडतो, पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतली वाफ त्यावर दवासारखी जमते. परिणामी रंगावर पांढुरकी धुरकट छटा येते. पीयूचा हार्डनर ओलाव्याशी क्रिया करतो, वायू सुटतो आणि थरात बारीक बुडबुडे धरतात. शिवाय पार्टिकल बोर्डने आधीच ओल धरलेली असते. तिच्यावर रंगाचे झाकण घातले की ती आत कोंडते.

घर रंगवायची आपली रीत दिवाळीआधीची. भिंतींना ती सोयीची, फर्निचरला नाही. सणाच्या आठ दिवस आधी रंगवलेली आलमारी हाताला कोरडी लागते, पण आतून कच्ची असते. तिच्यात लगेच कपडे कोंबले जातात, वर फराळाचे डबे ठेवले जातात, दारे घट्ट लावली जातात आणि सण संपेपर्यंत दार चौकटीला चिकटलेले असते. म्हणून भिंती दिवाळीआधी रंगवा आणि फर्निचर दिवाळीनंतर. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ वर्ध्यात या कामासाठी सर्वांत चांगला. रात्री गारठा असतो, तेव्हा सकाळी दहा ते दुपारी तीन या वेळेत रंग लावा, म्हणजे संध्याकाळपर्यंत वरचा ओलेपणा निघून जाईल.

रंग पुरा झाल्यावरही दारे दोन-तीन दिवस उघडी ठेवा. टेबलावर आठवडाभर काही ठेवू नका. पहिला महिना ओल्या फडक्याने किंवा साबणाने पुसू नका.

कुठे हात आखडावा

सगळेच रंगवण्याजोगे नसते. ज्यावर गरम पातेले टेकते, सुरी चालते ती ओट्यावरची किंवा जेवणाच्या टेबलाची फळी रंगवू नये. सरकत्या दारांच्या खाचा आणि दारे एकमेकांवर घासतात त्या कडा कोऱ्याच ठेवाव्यात, रंगाच्या जाडीने त्या अडकतात. आतले कप्पे शक्यतो तसेच ठेवावेत. उन्हाळ्यात इनॅमल मऊ होते आणि त्यावर ठेवलेल्या जड वस्तू चिकटतात. बोर्ड हाताने दाबला की चुरत असेल, तर त्यावर रंगाचा खर्च करू नये.

थिनर वापरताना खिडक्या उघड्या आणि देवघरातला दिवा, गॅस, उदबत्ती बंद. जवसाच्या तेलाने किंवा तेलयुक्त इनॅमलने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना त्या स्वतःच तापतात आणि पेट घेऊ शकतात. त्या अंगणात एकेक पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका.

टिकाऊपणाचा हिशेब

एवढी खटपट कशासाठी, याचे उत्तर खर्चापलीकडचे आहे. सागाचा जुना दरवाजा मोडीत निघाला तरी त्याची खिडकी होते, पाट होतो. पोलादी आलमारी भंगारवाला वजनावर नेतो. लॅमिनेट चिकटवलेल्या पार्टिकल बोर्डला असा पुढचा जन्म नाही. कागद, रेझिन, भुसा आणि डिंक त्यात इतके एकजीव झालेले असतात की घरी कुणाला ते वेगळे करता येत नाही. भंगारात त्याला किंमत नाही, मातीत ते नीट कुजत नाही, आणि शेकोटीत किंवा चुलीत जाळले तर फॉर्माल्डिहाइडसारखे विषारी वायू घरभर पसरतात. लॅमिनेटचे फर्निचर चुलीत घालू नये, हे या प्रकरणातून आणखी काही लक्षात राहिले नाही तरी लक्षात ठेवावे.

मगनवाडीत काम केलेल्या कुमारप्पांचे 'इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स' हे पुस्तक १९४५ मधले. उपसला की संपणारा साठा आणि निसर्गात पुन्हा पुन्हा भरत राहणारा प्रवाह, असा भेद ते आपल्या विचारात करत आणि माणसाने शक्यतो प्रवाहावर जगावे असे सांगत. लॅमिनेटचे रेझिन खनिज तेल आणि नैसर्गिक वायू यांच्या साठ्यातून येते. ते आपण एकदा घरात आणले आहे. आता त्याचे आयुष्य दहा वर्षांनी वाढवता आले तर तेवढा काळ नव्या फळीची गरज टळते.

१९७८ च्या जानेवारीत विचारवंत इव्हान इलिच सेवाग्रामला आले होते. तिथल्या गांधीजींच्या बापू कुटीविषयी बोलताना त्यांनी एक मुद्दा मांडला होता की, आधुनिक घर माणसापेक्षा त्याच्या सामानसुमानाच्या सोयीसाठी बांधलेले असते. बापू कुटीच्या मातीच्या भिंती वेळोवेळी लिंपाव्या लागतात, आणि लिंपल्या जातात म्हणूनच ती वास्तू आज उभी आहे. वस्तू कमी ठेवाव्यात आणि आहेत त्यांची निगा राखावी, हा धडा जिल्ह्याच्या या गावात पाहायला मिळतो. तो मातीच्या भिंतीला लागू आहे तसा प्रीलॅमच्या आलमारीलाही आहे.

तेव्हा या हिवाळ्यात घरातली एकच वस्तू निवडा. आलमारीला आधी हात घालू नका, मुलांचे टेबल किंवा छोटे स्टूल घ्या. धुवायला आणि घासायला एक दिवस द्या, प्रायमरची परीक्षा घ्यायला दोन-तीन दिवस, रंगाच्या दोन हातांना दोन दिवस, आणि पक्के व्हायला महिनाभर. घासणीचा दिवस कंटाळवाणा वाटेल, पण तो कमी करू नका. घरातल्या मुलांनाही हाताशी घ्या, म्हणजे पुढच्या वेळी फळी विटली की ती टाकायची की सावरायची, हे त्यांना विचारावे लागणार नाही.